दहा द्रोण पाणी

आमच्या गणिताच्या मास्तरांना कुणी वय विचारलं, की ते म्हणत, "चाळीस ते चव्वेचाळीसच्या मधी." त्यांच्या आईला जन्मसाल आठवत नव्हतं. गावाला आग लागली त्याच्या आधी हा झाला की नंतर, यावर घरात एकमत नव्हतं, आणि मास्तरांना खोटं बोलायचं नव्हतं. मुली किती, असं विचारलं तर मात्र चटकन 'दोन' म्हणत. मोजलेली गोष्ट ठाम सांगायची आणि अंदाजाची गोष्ट पदरासकट सांगायची, हा त्यांचा नियम. पदर हा शब्द त्यांचाच. आपल्या अंदाजाच्या अलीकडे थोडी आणि पलीकडे थोडी जागा सोडायची, तो पदर. उघडा अंदाज चारचौघांत फिरवू नये, असं ते म्हणायचे.

या पदरापायी त्यांनी किती माणसं तोडली, सांगता येत नाही. ड्रॉइंगच्या मास्तरांच्या भाच्याला मुलगी सांगून आली होती. मुलीकडचे लोक चौकशीला आमच्या मास्तरांकडे गेले आणि मुलगा कसा आहे म्हणून विचारू लागले. मास्तरांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि म्हणाले, "शंभरातून साठ ते पंच्याहत्तर बरा निघावा." लोक उठून गेले. ड्रॉइंगचे मास्तर त्यानंतर त्यांच्याशी बोलले ते थेट स्वतःची बदली झाल्यावर, तेही स्टेशनवर, नाइलाजाने.

स्टेशनवरून आठवलं. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी पकडायची असली, की सगळे वेळापत्रक पाहून निघत आणि फलाटावर शिव्या देत बसत. मास्तर वेळापत्रक पाहतच नसत. गाडी खरोखर किती वाजता येते, हे ते वर्षानुवर्षं स्टेशनावरच्या माणसांना विचारत आले होते. "नऊ ते साडेदहाच्या मधी," म्हणायचे, आणि सोबत भाकरी, कांदा आणि वाचायला काहीतरी घेऊन निवांत जायचे. मी एकदा हिय्या करून विचारलं, "मास्तर, आज नक्की कवा येईन?"

"थे मले माहीत नाही."

"मंग तुमच्या पदराचा उपयोग काय?"

रागावतील असं वाटलं होतं. पण ते खुशीत आले. म्हणाले, "हे पाह्य बाबू. अडाण नदीच्या डोहात भोई जाळं टाकते. त्याचं जाळं असं चांगलं विणलं आहे, की शंभरदा टाकलं तर पंच्याण्णवदा मासा सापडते. पन आज, या खेपेले, सापडला का नाही? थे त्याले जाळं वर काढल्याबिगर कसं सांगता येईन? आन् आपल्या धंद्यात जाळं कधी वर येतच नाही. आपुन जाळं चांगलं विणावं, बस."

मला तेव्हा ते अर्धंमुर्धं कळलं. पुढे आयुष्यभर नोकरीच आकड्यांची केली, तेव्हा लक्षात आलं, की मोठमोठ्या ग्रंथांत जे पानंच्या पानं घालून सांगतात ते हा माणूस कांदा फोडता फोडता सांगून गेला होता.

घरातही तेच. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, मांजर आडवं गेलं की परत फिरायच्या. मास्तर म्हणायचे, "खुशाल फिर. पन मांजर आडवं गेलं नाही त्या दिवशी काय काय बिघडलं, थेही मोज." काकू एकदा कावून म्हणाल्या, "तुमच्याशी लग्न ठरलं तवा मांजर आडवं गेलं नव्हतं, थे मोजलं मी." यावर मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसरीकडचं काय, हा त्यांचा आवडता प्रश्न. वैद्याच्या औषधानं ताप उतरला म्हटलं, की ते विचारणार, औषध न घेतलेल्यांचा किती दिवसांत उतरला? कुणी नवसाचं मूल दाखवलं, की नवस करून न झालेल्यांचं काय? आणि एवढ्यानं भागत नसे. "समजा, औषधात काहीच दम नाही. मंग नुसत्या योगायोगानं हे असं घडणं कितीकदा व्हईन? वारंवार होत असन तर गप बसा. क्वचितच होत असन तर मंग मी तुमच्या वैद्याचे पाय धरतो." लोक त्यांना अर्धवट म्हणत. तोंडावर म्हणत.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी धनजकडचा, महारवाड्यातला. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत होतो आणि तिथल्या महारवाड्यात आत्याकडे राहत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, आता त्यात काही हशील नाही. वर्गात माझी जागा दाराजवळ, शेवटी. तहान लागली की व्हरांड्याखाली ओंजळ धरून उभं राहायचं आणि शिपायाला फुरसत झाली की तो वरून गडव्यानं पाणी ओतायचा. मॅट्रिकला एक वर्ष उरलं होतं. आमच्या घराण्यात तिथवर कुणी पोचलं नव्हतं.

मास्तरांना पुढे काही लोकांनी सुधारक ठरवलं. मला ते पटत नाही. त्यांनी मला कधी घरी जेवायला बोलावलं नाही. मी व्हरांड्याखाली ओंजळ धरून उभा असे तेव्हा ते शेजारून निघून जात. माझ्या वहीतलं गणित चुकलं की मात्र वही हातात घेऊन, माझ्या डोक्याला डोकं लावून, विटाळबिटाळ सगळं विसरून बसत. एवढाच काय तो सुधारकपणा.

त्या वर्षी चैत्रात शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब शाळा पाहायला आले. मोठे जमीनदार. त्यांना आपल्या जिभेचा भारी गर्व. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून तो कोणत्या शिवारातला ते सांगत, आणि बरोबर सांगत. उन्हातून आले होते. शाळेच्या माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि व्हरांड्यातच थुंकले.

"कोनं बाटवलं हे पानी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी माठाला हात लावला नव्हता. आईची शपथ घेऊन सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "माही जीभ खोटं बोलत नाही." हेडमास्तर घाबरट गृहस्थ, सरकारी ग्रँटची काळजी असलेले. कारण असल्याशिवाय मला काढता येत नव्हतं, आणि आता कारण मिळालं होतं. माठ फोडला. माझं नाव कमी करायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज आला.

"भाऊसाहेब, बाटलेलं पानी चवीनं कळते, हे तुमचं म्हननं. आपुन थे तपासून पाहू."

मला तर वाटलं, आता माझ्याबरोबर यांचीही नोकरी गेली. पण भाऊसाहेबांचा गर्व डिवचला गेला होता. ते मिशीत हसले. "तपासा ना. कायले भेता?"

मास्तरांनी सगळं आखलं. विहीर एकच. पळसाचे दहा द्रोण, एकसारखे. बंद खोलीत मास्तर दर द्रोणासाठी नाणं उडवणार. छापा पडला तर मी मला दिलेल्या मडक्यातून पाणी भरायचं, काटा पडला तर माझ्या वर्गातल्या पाटलाच्या विठ्ठलनं भाऊसाहेबांच्या घरून आणलेल्या मडक्यातून. भाऊसाहेबांनी बाहेर बसून घोट घ्यायचा, चूळ टाकायची आणि कुणाच्या हातचं ते सांगायचं. पाणी गिळायचं नाही, नंतर गोमूत्र घ्यायचं, अशी त्यांच्या भटजींची सोय. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "नुसत्या अंदाजानं दहाच्या दहा बरोबर येणं हजारात एखाद्या वेळी. नऊ किंवा दहा आले, तर मी भाऊसाहेबांचं म्हननं मान्य करतो. मंग माही तक्रार नाही."

मी निश्चिंत होतो. माझ्या हाताला काही चव असते, यावर माझा विश्वास नव्हता.

भाऊसाहेबांनी पहिला द्रोण उचलला. चूळ टाकली. "विठ्ठलचं." दुसरा. "म्हाराचं." तिसरा. कुठे अडणं नाही, विचार नाही. आत मास्तर कागदावर खुणा करत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

दहाच्या दहा बरोबर.

त्या क्षणाचं मला अजून नीट सांगता येत नाही. बाहेर टाळ्या पडल्या. आणि मी माझे हात पाहत होतो. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मला वाटलं, असेल बुवा. आपल्यात असेलच काहीतरी. सतरा वर्षांचा होतो. माझी मला किळस आली, आणि ती किळस आणणाऱ्या माणसाचा मला इतका राग आला की तसा पुन्हा कधी कुणाचा आला नाही. तो माणूस म्हणजे भाऊसाहेब नव्हे, मास्तर. कारण मास्तर बाहेर येऊन पडलेल्या आवाजात म्हणाले, "मी शब्द दिला होता. भाऊसाहेबांना फरक कळते. मी मान्य करतो." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दप्तर उचलून मी घरी गेलो.

दिवेलागणीला महारवाड्यात कुत्री भुंकायला लागली. आत्या दारातून ओरडली, "अवो माय! बामन आला, खांद्यावर मडकं घेऊन!" मास्तर दारात उभे. उजवा हात वरणभातानं बरबटलेला. जेवता जेवता उठून आले होते.

"बाबू, तुमच्या घरचं पानी दे."

आत्या थिजली. मीही. ते ओरडले, "दे म्हनतो ना!" मी आमच्या माठातलं पाणी दिलं. आमच्या उंबऱ्यावर बसून ते प्यायले. मग खांद्यावरच्या मडक्यातलं प्यायले आणि तोंड वाकडं केलं. मग पुन्हा आमचं. आमच्या वस्तीतली सगळी माणसं जमून तो प्रकार डोळे फाडून पाहत होती.

"तुह्यावालं मडकं मी पान्यासकट घरी नेलं," ते म्हणाले. "म्हटलं, भाऊसाहेबांना कळते, आपल्याले कळते का पाहावं. आन् मलेही कळलं रे! लगेच कळलं. मातीची चव. हे मडकं नवं आहे. तुमच्या घरच्या जुन्या माठाले ही चव नाही. भाऊसाहेबांच्या घरचं जुनं होतं. बाटल्याची चव कुठची, ही भट्टीतल्या कोऱ्या मातीची चव. फोडला थो शाळेचा माठही शिपायानं बाजारातून नवाच आनला होता. भाऊसाहेब खोटं नाही बोलले. चव खरी आहे. कारण खोटं आहे."

मला एकदम रडू आलं.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुले येगळं, नवं मडकं द्यायचं, हे मले कोनी सांगतलं नव्हतं, बाबू. विहीर एक घेतली, द्रोण एकसारखे घेतले, सारं सारखं केलं. आन् मडकं मात्र तुले येगळं दिलं. मलेच सुचलं थे. इतकं आपसूक सुचलं की ध्यानातबी आलं नाही." बरबटलेला हात त्यांनी धोतराला पुसला. गणित चुकलेल्या पोराचं तोंड होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चाचणी मागितली. मडकी दोन्ही जुनी, एकाच कुंभाराची, त्यांच्या स्वतःच्या घरची. कोणतं कुणाला, तेही नाणं उडवून ठरणार. भाऊसाहेब तर एका पायावर तयार झाले. पहिल्या विजयानंतर रातोरात पार कामरगावपर्यंत त्यांच्या जिभेची कीर्ती पोचली होती. मडकी आणायला मास्तरांनी मलाच घरी नेलं, पण अंगणातच उभं केलं. काकूंनी दोन्ही मडकी ओट्यावर आणून ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, ही परत आणू नका. त्या म्हणाल्या, "काम झालं की दोन्ही परत पाह्यजेत. फोडूगिडू नका. नव्याचं पानी महिनाभर तोंडात घालवत नाही." आणि आत निघून गेल्या. मी बघतच राहिलो.

या वेळी भाऊसाहेब पहिल्या द्रोणापाशीच थांबले. घोट तोंडात घोळवला, पुन्हा घेतला. विठ्ठलचं म्हणाले, मग माझं म्हणाले. घाम पुसला. सातव्या द्रोणाला मात्र त्यांचा चेहरा उजळला. "हे चोख! हे विठ्ठलचं, डोये झाकून सांगतो." आणि ऊन इतकं होतं की त्यांनी तो द्रोण चूळ न टाकता घटाघटा रिकामा केला.

तो मी भरलेला होता. दाराच्या फटीतून मी ते पाहिलं.

दहातून सहा बरोबर. मास्तरांनी आकडा सांगितला आणि भाऊसाहेब गरजले, "म्हनजे मीच जिकलो! पोट्ट्यांले सैकडा पस्तीसवर पास करता, मले तर साठ भेटले!" लोकांनी माना डोलावल्या. हेडमास्तरांनीही डोलावली. मास्तरांनी खिशातलं नाणं काढून विठ्ठलच्या हातात दिलं आणि दहादा उडवायला लावलं. मास्तरांनी आधीच छापा बोलून ठेवला होता, आणि दहातून सातदा छापाच पडला. "पाहा, या नाण्याले तुमच्यापेक्षा जास्त मार्क आहेत. याले जीभ नाही." कुणीतरी हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा काळवंडला.

मग त्यांनी मास्तरांना जिथे धरायला नको होतं नेमकं तिथे धरलं. "बरं मास्तर, तुमी शिकले-सवरले. मंग छातीवर हात ठेवून सांगा, बाटलेलं पानी चवीनं कळतच नाही. ठाम सांगा. लेहून द्या. मंग पोट्टा राहू द्या शाळेत."

मला हायसं वाटलं. एक वाक्य तर हवं होतं. एकच.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"लेहून देत नाही," ते म्हणाले. "कळते असं सिद्ध झालं नाही. पन त्यावरून कळतच नाही, असंही सिद्ध होत नाही. दहा द्रोणांवरून थे सांगता येत नाही."

मी सुन्न झालो. हा माणूस माझ्यासाठी महारवाड्यात जेवणावरून उठून आला होता, आणि आता एक पदर सोडवत नव्हता त्याला! हेडमास्तर लगेच म्हणाले, "म्हणजे मास्तरांनाही खात्री नाही. मग तक्रार कायम राहते." आणि लेखणी उचलली. मला त्या वेळी मास्तरांचा गळा धरावासा वाटला, हे खरं तेच सांगतो.

तेव्हा मास्तर उठले. व्हरांड्यात शाळेचा माठ होता. पहिला फोडल्यावर हेडमास्तरांनी काटकसर म्हणून आपल्या घरचा जुना आणून ठेवलेला. मास्तर त्याच्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. व्हरांड्याखाली मी धरायचो तशी.

"बाबू, पानी वाढ."

कुणाला कळेना काय चाललंय. मलाही कळेना.

"माठातलं. हात घालून काढ. मी सांगतो म्हनून काढ."

मी गडवा घेतला, माठात मनगटापर्यंत हात घातला आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले. अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. तोंड पुसून ते म्हणाले, "हेडमास्तर, आता लिहा. या पोरानं माठाले हात लावला. मी लावायले लावला. हे मोजलेलं आहे, याले पदर नाही. शिक्षा मले द्या. मागच्या खेपेले त्यानं हात लावला, याचा पुरावा तुमच्यापाशी नाही. तवा त्याचं नाव कमी करता येत नाही."

भाऊसाहेब ताडकन उठून निघून गेले. जाताना त्यांना सातव्या द्रोणाबद्दल कुणी सांगितलं नाही. मास्तरांनी तो कागद फाडून टाकला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्याले चव तपासायची होती. त्यायचा धरम बाटवायचा नव्हता."

मास्तरांना समितीनं महिन्याच्या आत काढलं. माझं नाव राहिलं. ते जऊळक्याहून नागपूरकडे गेले तेव्हा मी सामान उचलायला गेलो होतो. काकूंनी ती दोन्ही मडकी गोणपाटात बांधून सोबत घेतली होती. "मास्तर, मी मॅट्रिक होईन का?" मी विचारलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता निदान आज तरी हो म्हणतील. "शंभरातून सत्तर ते पंच्याऐंशी," ते म्हणाले, आणि गाडी हलली. मी मॅट्रिक झालो. त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. माझा हात लागलेला तो माठ अर्थातच फोडला गेला. शिपायानं बाजारातून कोरा करकरीत माठ आणला, त्याला हार घातला, आणि पहिला पेला घ्यायला भाऊसाहेबांना बोलावलं. मी नेहमीच्या जागी, व्हरांड्याखाली ओंजळ धरून उभा होतो. त्यांनी पेला तोंडाला लावला. मी त्यांच्या जिभेकडे पाहत होतो, आता थुंकतील, आता थुंकतील. त्यांनी पेला संपवला, मिशा पुसल्या आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! आता कसं शुद्ध लागते."